मैदानाला पाणी कोण घालतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, दारव्हा, जि. यवतमाळ येथे केलेलं भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आमचे गुरुजन, शाळेचे आजचे शिक्षक, १९८७ च्या दहावीच्या वर्गातले माझे मित्र आणि मैत्रिणी, पुढच्या-मागच्या बॅचची सगळी मंडळी, आणि मागच्या दारापाशी उभे राहून जेवणाचा वास घेत असलेले आपले पोट्टे-पोट्ट्या, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'सीमेवर प्राणांची बाजी लावणारे' असं म्हटलं. ते मला आधी दुरुस्त करू द्या. मी सैन्यात ई.एम.ई. मध्ये होतो, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात. १९८९ साली भरती झालो आणि २०१५ साली नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. या २६ वर्षांतला बराचसा काळ मी ट्रकच्या खाली उताणा पडून काढला. बाजी लावली असेल तर ती पाठीची. ती अजून दुखते.

संयोजकांनी मला 'सैन्यातले अनुभव' हा विषय दिला होता. मी म्हटलं, मी हॉकीवर बोलतो. ते खूश झाले. म्हणाले, "वा, ध्यानचंद!" मी म्हटलं, ती हॉकी नाही, बर्फावरची. आइस हॉकी. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "भाऊ, आपल्या इथं मे महिन्यात पंख्याखाली बसवत नाही, अन् तुम्ही बर्फावर बोलता?"

मित्रहो, मला बर्फावर बोलायचं आहे ते आपल्या मैदानासाठी. म्हणून आधी मैदानाचंच सांगतो.

आपल्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, पावसाळ्यात चप्पल रुतून बसायची. त्यातच एका बाजूला लाल माती आणि बारीक मुरूम टाकून कबड्डीचं मैदान केलेलं होतं. दिवाळीनंतर स्पर्धांचे दिवस आले की ते रोज सकाळी तयार असायचं. खडे वेचलेले, पाणी शिंपडलेलं, रूळ फिरवलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. आम्ही साडेसहाला यायचो आणि खेळायला लागायचो. हे तयार कोण करतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नाही. सूर्य उगवतो तसं मैदानही तयार होतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

दहावीच्या वर्षी, जिल्हा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, आमच्या घरचं घड्याळ बंद पडलं होतं. मी अंदाजानं उठलो आणि पहाटे चारलाच मैदानावर पोहोचलो. अंधारात एक कंदील दिसला. जवळ गेलो तर आपले शिपाईकाका. विहिरीवरून बादल्या आणत होते आणि झारीनं मातीवर पाणी शिंपडत होते. मी विचारलं, काका, एवढ्या रात्री? ते म्हणाले, "पानी रातीच द्या लागते बाप्पा. मातीनं रातभर पेलं का सकाळी धूळ उडत नाही, अन् तुमचे गुडघे फुटत नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू कायले आला एवढ्या लवकर? जाय, झोप घरी जाऊन."

मी गेलो. समोर दोन रिकाम्या बादल्या ठेवलेल्या होत्या. एकही उचलली नाही. घरी जाऊन खरंच झोपलो.

त्या वर्षी आम्ही आपल्या शकुंतलेत बसून यवतमाळला गेलो. कोळशाच्या इंजिनाची ती छोटी गाडी; आमच्यातले दोघंजण चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढून दाखवायचे. जिल्ह्यात आम्ही उपविजेते झालो. परत आल्यावर फोटो निघाला. तो फोटो आजही कार्यालयात आहे, मघाशी मी पाहून आलो. बारा मुलं आहेत, आपले पी.टी.चे सर आहेत, तेव्हाचे मुख्याध्यापक आहेत. आम्ही ज्या बाकावर बसलो आहोत तो बाक वर्गातून उचलून शिपाईकाकांनी आणला होता. बाक फोटोत आहे. काका नाहीत.

आता बर्फाकडे येतो.

१९९५ च्या हिवाळ्यात माझी बदली लेहला झाली. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली वीसपर्यंत जातो. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी लोखंडाला चिकटते. डिझेल गोठू नये म्हणून टाकीखाली शेगडी ठेवायची आणि ती शेगडी टाकीला लागू नये म्हणून रात्रभर एकानं जागायचं. विदर्भातला माणूस, मला पहिले पंधरा दिवस वाटत होतं की आपण काही इथून जिवंत परत जात नाही.

एका रात्री काम उरकून आम्ही गाडीनं येत होतो. लेहमध्ये कारझू नावाचं एक तळं आहे. हिवाळ्यात ते गोठतं. त्या गोठलेल्या तळ्यावर पाच-सहा माणसं बादल्या आणि पाइप घेऊन फिरताना दिसली. मला वाटलं, कुठं आग लागली की काय. आमच्याबरोबर लडाख स्काउट्सचा एक जवान होता, त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "उस्ताद, हॉकी का मैदान बना रहे हैं."

गाडी थांबवून आम्ही उतरलो. तिथं मी पहिल्यांदा पाहिलं की बर्फाचं मैदान आपोआप होत नसतं. तळं नुसतं गोठलं तर वर खडबडीत पापुद्रा येतो, मध्ये भेगा असतात, धूळ आणि काड्या अडकलेल्या असतात. ते झाडून घ्यायचं आणि त्यावर रात्री पातळ थरात पाणी सोडायचं. तो थर गोठला की दुसरा. तो गोठला की तिसरा. घाई करून एकदम जास्त पाणी ओतलं तर वरून गोठतं, आत हवा राहते, आणि सकाळी एखाद्याचं पातं तिथं घुसून तो तोंडावर आपटतो. दिवसा हे काम करता येत नाही, कारण तिथलं ऊन कडक असतं, पाणी सपाट गोठत नाही. त्या जवानानं मला हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "पानी रात को ही देना पड़ता है."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. दारव्ह्याच्या पंचेचाळीस डिग्रीच्या मातीला आणि लेहच्या उणे वीसच्या बर्फाला एकच नियम लागू होता. वाक्यसुद्धा तेच. तिथं बाजूला एक बादली होती. या वेळी मी ती उचलली.

आता हा खेळ थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिला असेल. मैदान सुमारे ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद. एका बाजूचे सहा जण एका वेळी बर्फावर, त्यातला एक गोलकीपर. चेंडू नसतो. रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. पण यात गंमत अशी की कुणीही वीस मिनिटं सलग खेळत नाही. पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचं, दम संपला की बाहेर बाकावर यायचं आणि दुसऱ्यानं आत उडी घ्यायची. खेळ थांबत नाही, चालू खेळातच माणसं बदलतात. कबड्डीत आपण दम धरतो ना, तसंच समजा. फक्त इथं दम संपल्यावर मागचा माणूस तयार असावाच लागतो.

लडाखमध्ये हा खेळ मुख्यतः सैन्यामुळे रुजला. १९७० च्या दशकात जवान हिवाळ्यात विरंगुळा म्हणून खेळायला लागले, त्यांचं पाहून गावातली पोरं खेळायला लागली. साहित्य काही नव्हतं. जुन्या फौजी बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकून स्केट्स केलेले जुने खेळाडू मला तिथं भेटले. गोलकीपरनं क्रिकेटचे पॅड बांधलेले मी स्वतः पाहिले आहेत. आणि त्याच काळात कागदावर आपला देश आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्यही झाला होता, एप्रिल १९८९ मध्ये. माझी भरती आणि भारताचं सदस्यत्व एकाच वर्षातलं. पण भारताच्या पुरुष संघाला महासंघाच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरायला २००९ साल उजाडलं. अबुधाबीला आशियाई चॅलेंज कप होता. म्हणजे नाव नोंदवल्यापासून प्रत्यक्ष सामन्यापर्यंत २० वर्षं.

याचं कारण सोपं आहे. कॅनडात हजारो रिंक आहेत, आणि तिथलं मूल चार-पाच वर्षांचं झालं की स्केट्स घालतं. अठरा वर्षांखालच्यांची, वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा असते. वीस वर्षांखालच्यांची तर १९७७ पासून. एक-एक पायरी चढत मूल वर जातं. आपल्याकडे लडाखच्या मुलाला वर्षातून जेमतेम दोन महिने बर्फ मिळायचा. सिमल्याला १९२० सालापासून एक रिंक आहे, तेही नैसर्गिक थंडीवरच चालतं. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी छताखालचं मोठं रिंक बांधलं, पण ते चालवायचा खर्च न झेपल्यानं पुढे कित्येक वर्षं बंद पडून होतं. बांधणं एकदाच असतं, चालवणं रोजचं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

माझी लेहला दुसरी बदली २०११ साली झाली. तोपर्यंत माझं वय झालं होतं, हाताखाली माणसं होती. एका दुपारी आमच्या वर्कशॉपच्या गेटवर एक मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची असेल. हातात स्केट्सची जोडी. संतरी तिला हाकलत होता आणि ती हलत नव्हती. मी बाहेर गेलो. तिला धार लावून हवी होती. स्केटचं पातं चाकूसारखं नसतं बरं का. त्याच्या मधोमध बारीक पन्हाळ असते आणि दोन्ही कडांना धार असते. त्या कडा बोथट झाल्या की वळता येत नाही, थांबता येत नाही.

मी विचारलं, किसके हैं? म्हणाली, भाई के. बूट तिच्या पायापेक्षा दोन-तीन नंबर मोठे होते. आत मोजे कोंबलेले होते. मी विचारलं, तू कब खेलती है? तर म्हणाली, "लड़कों का हो जाए, तब." म्हणजे मुलं खेळून गेली की. आणि मुलं खेळून गेल्यावर बर्फ सगळा उकरलेला असतो, हे मला माहीत होतं. मी सहज म्हटलं, घरचं काम नाही का तुला? ती म्हणाली, "पहले पानी भरती हूँ, फिर आती हूँ."

मित्रहो, इथं मला थोडं थांबावं लागतं.

माझी धाकटी बहीण याच शाळेची. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी काय सांगणार आहे हे तिला माहीत नाही. आमच्या घरात सगळ्यात जोरात धावणारी तीच होती. मी जिल्ह्याला खेळलो, पण नदीपर्यंत शर्यत लावली तर मी तिला कधीच गाठू शकलो नाही. आम्ही दहावीत असताना सरांनी मुलींचा खो-खोचा संघ करायचं ठरवलं होतं. सर, तुम्हाला आठवत असेल. ती मला म्हणाली, "भाऊ, मी बी नाव देऊ का?" आणि मी तिला म्हणालो, "अन् घरी पानी कोन भरंन?"

तिनं नाव दिलं नाही. त्या वेळी आई-बाबांनी तिला अडवलं नव्हतं. मीच अडवलं. मी सोळा वर्षांचा होतो हे खरं, पण माझ्या हातात एक बादली द्यायला कुणी नव्हतं असं नाही. बादल्या घरीही होत्या आणि मैदानावरही होत्या.

त्या लडाखी मुलीचे स्केट्स मी आत घेतले. आणि खरं सांगतो, पहिलं पातं मी बिघडवलं. आमच्या ग्राइंडरवर ते तापून निळं पडलं. पोलाद निळं पडलं की त्याची धार टिकत नाही. मग मी यंत्र बंद केलं आणि कानशीनं, नंतर धारेच्या दगडावर तेल टाकून हातानं घासत बसलो. दोन तास लागले. दुसऱ्या आठवड्यात ती आणखी तिघींना घेऊन आली. तो हिवाळा संपेपर्यंत माझ्या टेबलाखाली स्केट्सची रांग असायची. साहेब येताना-जाताना पाहायचे आणि पाहिलं नाही असं दाखवायचे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्या चौघींचं पुढं काय झालं, ते मी शोधलं नाही. पण त्यांच्यासारख्या मुलींचं काय झालं ते सगळ्या देशासमोर आहे, आणि मुद्दा तोच आहे.

२०१६ साली भारताच्या मुलींचा आइस हॉकी संघ पहिल्यांदा आशियाई चॅलेंज कप खेळायला तैपेईला गेला. बहुतेक सगळ्या लडाखच्या. कित्येकजणी तेव्हा शाळा-कॉलेजात शिकत होत्या. कॅनडात ज्या वयाची पोरगी ज्युनिअर संघात खेळते, त्या वयाच्या आपल्या पोरी थेट देशाच्या संघात होत्या, कारण मधली पायरीच नव्हती. प्रवासाचे पैसे लोकवर्गणीतून जमवले. साहित्य उसनं, जुनं, मुलांचं वापरून झालेलं. तिथं जाऊन त्या सगळे सामने हरल्या, आणि थोड्याथोडक्या फरकानं हरल्या नाहीत.

आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. कशाला गेल्या होत्या?

पण त्या परत आल्या आणि पुन्हा त्याच तळ्यावर गेल्या. पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. भारताच्या मुलींचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्याच स्पर्धेत मलेशियालाही ५-४ नं हरवलं. तेव्हा मी निवृत्त होऊन दारव्ह्याला आलेलो होतो. ती बातमी वाचली आणि घरात मोठ्यानं ओरडलो. बायकोला वाटलं, सोयाबीनचे भाव वाढले.

२०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर स्वतः लेहला येऊन या मुलींबरोबर खेळली. चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेली ही खेळाडू. त्याच वर्षी तिनं आपल्या मुलींना कॅनडात कॅलगरीला स्पर्धेसाठी बोलावलं. आणि २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथं महिलांच्या आशिया कपमध्ये भारतानं कांस्यपदक मिळवलं. तैपेईला सगळे सामने हरल्यापासून नऊ वर्षांनी. आता लेहमध्ये यंत्रानं बर्फ गोठवणारं रिंक झालं आहे, खेलो इंडियाचे हिवाळी खेळ तिथं होतात. आणि अभिमानानं सांगतो, आपल्या महाराष्ट्राची मुलंही त्या बर्फावर स्केटिंगची पदकं मिळवून आली आहेत. वर्षभर सिमेंटवर आणि डांबरावर चाकांचे स्केट्स घालून सराव करायचा आणि बर्फावर जाऊन जिंकायचं. म्हणजे बर्फ आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

या सगळ्या बातम्यांत मुलींची नावं येतात. यायलाच पाहिजेत. पण मी त्या मैदानावर बादली धरलेली आहे, म्हणून मला आणखी एक माणूस दिसतो. रात्री एक वाजता, उणे वीसमध्ये, पाइप गोठू नये म्हणून तो खाली न ठेवता हातात धरून उभा असलेला. त्यानं पहिला थर दिला नसता, दुसरा दिला नसता, तर सकाळी खेळायला काहीच नव्हतं. पदक नऊ वर्षांनी आलं. तोपर्यंतच्या प्रत्येक हिवाळ्यात कुणीतरी पाणी घातलं. त्यातल्या बहुतेकांना माहीतही नसेल की आपण पदक घडवतो आहोत. त्यांना एवढंच माहीत होतं की सकाळी पोरं येणार आहेत.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो आणि मग बसतो.

आपण सगळ्यांनी मिळून निधी जमवला आहे. त्यातून शाळेला भव्य कमान बांधायची आणि तिच्यावर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरायची असा विचार झाला आहे. माझंही नाव त्या यादीत आहे. ज्यांनी हा विचार मांडला त्यांच्या मनातलं शाळेचं प्रेम माझ्यापेक्षा कणभरही कमी नाही, हे मला माहीत आहे. तरी मी हात जोडून सांगतो, आपण फेरविचार करावा.

आज सकाळी मी मैदानावर जाऊन आलो. कबड्डीचं मैदान कुठं होतं ते पावलं मोजून शोधावं लागलं. तिथं आता काँग्रेस गवत आहे. खो-खोचा एक खांब आहे, दुसरा नाही. विहिरीला जाळी बसवली, ते बरंच केलं. पण मैदानापर्यंत पाण्याची सोय नाही. तरी पोरी खेळतात. माझ्या बहिणीची नात सध्या याच शाळेत सहावीत आहे. ती खो-खो खेळते. आजीसारखीच धावते. मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा दोन्ही गुडघे फुटलेले होते. मी तिला औषध लावलं आणि मला काकांचं वाक्य आठवलं. मातीनं रातभर पाणी पेलं का पोट्ट्यांचे गुडघे फुटत नाही.

माझी सूचना अशी. मैदान सपाट करून घ्यावं. खो-खो आणि कबड्डीसाठी चांगली लाल माती आणावी. विहिरीवर मोटर बसवून मैदानापर्यंत पाइप न्यावा. एक रूळ घ्यावा. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उरलेली रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजातून एका माणसाला दर महिन्याला मानधन द्यावं. त्याचं काम एकच, स्पर्धेच्या दिवसांत रोज रात्री मैदानाला पाणी घालणं आणि पहाटे रूळ फिरवणं. देहरादूनच्या रिंकबद्दल मघाशी बोललो ते आठवा. कमान एकदा बांधली की आपण मोकळे होतो. मैदान आपल्याला मोकळं होऊ देत नाही. म्हणूनच ते करायचं.

आणि नाव द्यायचंच असेल, तर मैदानाला आपल्या शिपाईकाकांचं द्या. ते गेले तेव्हा मी लेहला होतो. मला कळलं दोन महिन्यांनी. त्यांचा मुलगा आज इथं आला आहे असं समजलं. दादा, तुमच्या वडिलांनी आमच्यासाठी किती बादल्या ओढल्या याचा हिशेब आमच्यापैकी कुणीच ठेवला नाही. त्यातल्या दोन मी उचलायला हव्या होत्या. ते काम माझ्याकडून राहून गेलं.

बाई, तुलाही सांगतो. ते नाव तू द्यायला पाहिजे होतं. पाणी मी भरलं असतं.

अध्यक्ष महाराज, निर्णय सभेनं घ्यायचा आहे आणि जो होईल तो मला मान्य आहे. कमानीचं ठरलं तरी माझी वर्गणी तिथंच राहील. पण मी आता दारव्ह्यातच असतो, आणि म्हातारपणी झोप तशीही कमी झाली आहे. उद्या पहाटे चार वाजता मी मैदानावर असेन. गवत काढायला विळा आणतो, बादली माझी मी आणतो. ज्याला यायचं असेल त्यानं आपापली आणावी.

एवढं बोलून मी थांबतो. जेवण तयार आहे असं मागच्या दारातले पोट्टे केव्हापासून खुणावून राहिले आहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.